लांडगे दोन, मूझ दोन हजार: आयल रॉयल बेटावरच्या एका निर्णयाचं प्रकरण

कोण कोणाला खातं यावरून प्राण्यांची संख्या कशी ठरते हे बघायचं म्हटलं तर बहुतेक जंगलं त्या कामाला सोपी नसतात. शिकारी अनेक, भक्ष्यं अनेक, वर माणसाचा वावर, त्यामुळे कशाने काय झालं हे सांगणं अवघड होऊन बसतं. आयल रॉयल तसं नाही. तिथे मोठा शिकारी एक, लांडगा, आणि त्याचं मोठं भक्ष्यही एकच, मूझ नावाचं हरीण, आणि 1958 पासून दोघांची मोजणी चालू आहे. शिवाय तिथे काही वर्षांपूर्वी माणसांना एक खरा निर्णय घ्यावा लागला, लांडगे संपत आलेत तर बाहेरून आणायचे की नाही. या प्रकरणात त्या निर्णयाकडे बघूया. त्यात असलेल्या अधिकाऱ्यांची, संशोधकांची नावं घेत नाही, कारण मुद्दा माणसांचा नाही.

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपिरिअर या अवाढव्य सरोवरात हे बेट आहे, साधारण 535 चौरस किलोमीटर. कारभाराने अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडतं, पण सगळ्यात जवळचा किनारा मिनेसोटा आणि कॅनडाच्या बाजूचा, पंचवीसेक किलोमीटरवर. 1940 पासून नॅशनल पार्क आणि 1976 पासून जवळजवळ सगळी जमीन कायद्याने संरक्षित रानभूमी, म्हणजे तिथे निसर्गाच्या कामात माणसाने शक्यतो हात घालायचा नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

मूझ हे जगातलं सगळ्यात मोठं हरीण. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावर आलं, पोहत आलं की माणसांनी आणलं यावर अजून वाद आहे. शिकारी कोणी नव्हता, त्यामुळे संख्या भराभर वाढली, 1930 च्या आसपास ती हजारांत गेली, झाडोरा ओरबाडून संपवला आणि मग उपासमारीने मूझ मोठ्या संख्येने मेले. 1936 मध्ये वणव्यात जवळपास पाव बेट जळलं, त्या जागी कोवळी झाडं उगवली, तोंडाच्या उंचीवर पुन्हा खायला आलं आणि मूझ परत वाढले. म्हणजे लांडगे यायच्या आधीच या बेटाने वनस्पतींकडून येणारी ऊर्जा कमी-जास्त झाली की वरच्या प्राण्याचं काय होतं ते एकदा दाखवून दिलं होतं.

1940 च्या दशकाच्या शेवटी सरोवर गोठलं असताना बर्फावरून चालत लांडगे आले. तोवर बेटावर कोयोटे (लांडग्याचे लहान भाऊबंद) होते, ते लांडगे आल्यावर दहाएक वर्षांत नाहीसे झाले. आता रचना अगदी साधी उरली. झाडं, मूझ, लांडगे, आणि बाजूला बीव्हर, म्हणजे पाण्यात राहणारे आणि झाडं कुरतडणारे छोटे प्राणी, जे उन्हाळ्यात लांडग्यांना खायला उपयोगी पडतात. लांडग्याने मूझ मारला की कोल्हे आणि डोमकावळे उरलंसुरलं खातात, म्हणजे त्या शिकारीवर बाकीचे पण बरेच जगतात.

ऊर्जेचा हिशोब

इथे जरा थांबूया, कारण हे कळलं नाही तर पुढचा निर्णय कळत नाही.

बऱ्यापैकी स्थिर असलेल्या वर्षांचा ढोबळ अंदाज घ्या, मूझ एक हजार आणि लांडगे पंचवीस. लहान-मोठे धरून मूझचं सरासरी वजन 350 किलो पकडलं तर झाले साडेतीन लाख किलो. लांडगा 35 किलोचा धरला तर पंचवीस लांडगे 875 किलो. म्हणजे चारशे किलो मूझमागे एक किलो लांडगा. पुस्तकात आपण शिकतो की एका पायरीवरून वरच्या पायरीला साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते, मग इथे फरक इतका मोठा का? एक तर दोघंही गरम रक्ताचे, खाल्लेल्यातला फार मोठा भाग शरीर गरम ठेवण्यात आणि हिंडण्या-फिरण्यात जातो, अंगी लागतो तो अगदी थोडा. आणि दुसरं म्हणजे दहा टक्क्यांचा नियम एका वर्षात किती नवीन तयार झालं याचा आहे, उभ्या असलेल्या साठ्याचा नाही. साडेतीन लाख किलो हा उभा साठा आहे. त्यात दरवर्षी जी भर पडते, पाडसांची आणि वाढीची, तेवढीच खरी वापरता येण्यासारखी, आणि त्यातलंही सगळं लांडग्याला मिळत नाही.

का मिळत नाही, तर धडधाकट मूझ लांडग्यांना दाद देत नाही. लाथ बसली तर लांडगा मरतो. त्यामुळे शिकार होते ती मुख्यतः पाडसांची, आणि दहा वर्षांपुढच्या म्हाताऱ्यांची ज्यांचे सांधे धरलेले असतात किंवा जे खंगलेले असतात. मधल्या वयाचे कितीही मूझ समोर असू देत, लांडग्याच्या दृष्टीने ते कुलूपबंद कोठार आहे.

मूझचंही तसंच आहे आणि हे लोक विसरतात. जंगल हिरवंगार दिसतं, पण मूझला उपयोग फक्त त्याच्या तोंडाला येईल तेवढ्याचाच. फर नावाच्या उंच सूचिपर्णी झाडाच्या शेंड्यावरची पानं त्याला नसल्यात जमा. हिवाळ्यात पानगळीची झाडं उघडी पडतात आणि बाल्सम फरची सुईसारखी पानं हाच मुख्य आहार उरतो, त्यात पोषण कमी. थंडीत मूझ जेवढी ऊर्जा खर्च करतो तेवढी खाण्यातून परत येत नाही, उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे असतात. बर्फ खोल असला की खर्च अजून वाढतो, अंगावर गोचिड्या चढल्या की रक्त जातं, खाजवण्यात केस जातात, म्हणजे उष्णता जाते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की अशा ठिकाणी एकूण किती आहे हा प्रश्न नंतरचा, आवाक्यात किती आहे हा पहिला. आयल रॉयलवरचे सगळे चढउतार या एका प्रश्नाने उलगडतात.

अडचण कशी तयार झाली

1980 मध्ये लांडगे पन्नासवर गेले होते. दोन वर्षांत चौदा उरले, कारण पार्व्हो व्हायरस, कुत्र्यांचा आजार, आणि तो माणसांबरोबर बेटावर आला. हे लक्षात घ्या की अन्न कमी पडून हे झालं नाही. पण परिणाम मात्र अन्नसाखळीतून खालपर्यंत गेला, शिकारीचा दाब कमी झाला, मूझ वाढत वाढत 1995 मध्ये चोवीसशेच्या आसपास पोचले, आणि 1996 चा हिवाळा अतिशय कडक निघाला, त्यात गोचिड्या, त्यात खाणं आधीच ओरबाडलेलं. दोन वर्षांत मूझ पाचशेवर आले. वरून शिकाऱ्याचा दाब नाहीसा झाला की खालून उपासमार दाब आणते, फक्त ती उशिरा आणि एकदम आणते.

1997 मध्ये कॅनडाच्या बाजूने बर्फावरून एकच नर लांडगा आला. त्याची पिल्लं जास्त तगली आणि काही पिढ्यांत जवळजवळ सगळ्या लांडग्यांमध्ये त्याचा वंश पोचला. त्याने टोळ्यांमध्ये नवीन जोम आला, शिकार वाढली, 2006 ला लांडगे तीस होते आणि 2007 ला मूझ चारशेच्या खाली. पण मग तोच फायदा उलटला. सगळेच त्याचे वंशज म्हटल्यावर पुढचं प्रजनन जवळच्या नात्यातच होणार. पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष तर या लांडग्यांत आधीपासूनच दिसत होते. वर भक्ष्यही कमी झालेलं.

2009 ला चोवीस, 2011 ला सोळा, 2012 ला नऊ. त्याच काळात तीन लांडगे जुन्या खाणीच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडून मेलेले सापडले. एवढ्या छोट्या संख्येत तीन गेले म्हणजे एक टोळीच मोडल्यासारखं. 2016 पासून उरले फक्त दोन, आणि ते बाप आणि मुलगी, शिवाय दोघांची आई एकच. यांच्यातून पुढे काही होणार नव्हतं.

मूझ मात्र 2011 मधल्या पाचशेच्या आसपासवरून 2019 मध्ये दोन हजारांच्या वर. आठ वर्षांत चौपट, म्हणजे वर्षाला जवळपास एकोणीस टक्के. बीव्हरही वाढले. बेटाच्या पश्चिम भागात तर बाल्सम फरची रोपं वर्षानुवर्षं खुरटलेलीच, दरवर्षी शेंडा खाल्ला जातो, आणि बी देणारी जुनी उंच झाडं म्हातारी होऊन पडायला लागलेली. मूझ यायच्या आधी वाढलेली ती झाडं गेली आणि खालची रोपं वर आलीच नाहीत तर त्या भागात फर परत उगवणार कुठून, ही खरी घाई होती, लांडग्यांच्या संख्येपेक्षाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. याच्या बाजूने बोलणारे लोक अजिबात बेफिकीर नव्हते, त्यांचा मुद्दा तत्त्वाचा होता. रानभूमी म्हटल्यावर माणसाने हात घालायचा नाही, लांडगे बर्फावरून आले होते, संपले तर संपले, पुन्हा बर्फ झाला की पुन्हा येतील. मला हा मुद्दा आदराने घ्यावासा वाटतो, पण त्यात एक भोक आहे. बर्फाचा पूल पूर्वी जितक्या वेळा व्हायचा तितका आता होत नाही, हिवाळे उबदार झालेत. 2014 मध्ये पूल झाला तर उलट बेटावरची एक मादी चालत बाहेर गेली आणि किनाऱ्यावर मेली. 2015 मध्ये बाहेरून एक जोडी आली, फिरली, आणि परत गेली. शिवाय पार्व्हो माणसांमुळे आला, खाणीचे खड्डे माणसांचे. माणसाने हात घातलेलाच होता.

दुसरा पर्याय म्हणजे नऊ-दहा लांडगे असतानाच बाहेरचे दोन-तीन आणून नवीन रक्त घालायचं, ज्याला जेनेटिक रेस्क्यू म्हणतात. 2012 ते 2014 या काळात याची जोरात चर्चा झाली. 2014 मध्ये पार्क प्रशासनाने ठरवलं की लगेच काही करायचं नाही, आधी सविस्तर अभ्यास करायचा. तो अभ्यास सुरू होईपर्यंत लांडगे नऊवरून तीनवर आले होते, त्यामुळे हा पर्याय आपोआपच बाद झाला.

तिसरा पर्याय मूझ कमी करण्याचा, माणसांनी मारून. सुरुवातीला आराखड्यात मूझ आणि झाडोरा दोन्ही धरले होते, नंतर 2016 मध्ये विषय फक्त लांडग्यांपुरता केला गेला. हे मला पटतं, निदान ऊर्जेच्या अंगाने. माणूस मूझ मारतो तेव्हा बंदुकीसमोर येईल तो मारतो, बऱ्याचदा तगडा, आणि मांस घेऊन जातो. लांडगा म्हातारा आणि दुबळा निवडतो आणि मांस, हाडं, खत सगळं तिथेच राहतं, त्यावर कोल्हे, पक्षी, किडे, माती पोसली जाते. आकडा दोन्हीकडे सारखाच कमी झाला तरी बेटाला मिळतं ते सारखं नाही.

चौथा, एकदम पुरेशी नवी संख्या आणायची आणि नंतर हात काढून घ्यायचे. आणि पाचवा त्याचाच भाऊ, आता आणायचे आणि पुढे लागतील तसे परत परत आणत राहायचे.

काय ठरलं आणि काय केलं

जून 2018 मध्ये चौथा पर्याय निवडला गेला, तीन ते पाच वर्षांत वीस ते तीस लांडगे. निवड करताना एक शंका होती जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूझ भरपूर दिसतात, पण शिकारी नसलेल्या वर्षांत जन्मलेल्यांची गर्दी असल्याने बरेचसे ऐन उमेदीतले, म्हणजे लांडग्यांच्या आवाक्याबाहेरचे. मग नवीन लांडगे सुरुवातीला खाणार काय? उत्तर असं की पाडसं खूप होती, बीव्हर खूप होते, आणि ती उमेदीतली पिढी पुढे म्हातारी होणारच होती.

2018 च्या शरद ऋतूत मिनेसोटातून चार लांडगे आणले. एक थोड्याच दिवसांत मेला, आणि एक मादी जानेवारी 2019 च्या शेवटी बर्फ झाल्यावर सरळ चालत मुख्य भूमीवर निघून गेली. बर्फाच्या पुलावरून जनावर येतंच असं नाही, जातंही, हे परत दिसलं.

मग कॅनडातल्या ऑन्टारिओतून आणले, आणि त्यातले बरेच मिशिपिकोटन बेटावरचे. हे बेटही लेक सुपिरिअरमध्येच. तिथे 2014 च्या हिवाळ्यात लांडगे बर्फावरून पोचले आणि त्यांनी तिथल्या कॅरिबूंचा (हरणाची एक जात) काही वर्षांत जवळजवळ निकाल लावला, शेवटचे थोडे कॅरिबू माणसांनी उचलून दुसऱ्या बेटांवर नेले, आणि मागे राहिलेले लांडगे उपाशी मरायला टेकले. कॅरिबू मूझपेक्षा लहान, लांडग्यापुढे त्याला बचाव नाही, म्हणजे तिथे जवळजवळ सगळा साठाच आवाक्यात होता, आणि म्हणूनच तो संपला. मूझच्या बाबतीत तो अर्धाअधिक आवाक्याबाहेर असतो म्हणून दोघं साठ वर्षं एकत्र टिकले. दोन बेटं, एकच सरोवर, एकच शिकारी, आणि निकाल वेगळा. मला या सगळ्या प्रकरणात याहून बोलकं दुसरं काही दिसलं नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये मिशिगनच्या मुख्य भूमीवरून आणखी काही आणले. एकूण एकोणीस झाले आणि तिथे थांबले. पिल्लं होऊ लागली होती, त्यामुळे वीसचा आकडा गाठायचाच असा हट्ट धरला नाही. जुन्या दोघांचा वंश पुढे गेला नाही.

काय झालं

2022 च्या हिवाळ्यातल्या मोजणीत लांडगे अठ्ठावीस, मूझ साधारण 1,350. 2023 ला लांडगे एकतीस, मूझ हजाराच्या थोडे खाली. 2024 ला तीस आणि 840. पाच वर्षांत मूझ निम्म्याहून कमी.

आता सगळं श्रेय लांडग्यांना देणं सोपं आहे पण ते बरोबर नाही. सुरुवातीच्या घसरणीत उपासमार आणि गोचिड्यांचा मोठा वाटा होता, कारण दोन हजार मूझनी हिवाळ्याचं खाणं आधीच संपवत आणलं होतं. वर स्प्रूस बडवर्म नावाच्या अळीचा उपद्रव झाला जी फर खाते, म्हणजे मूझच्या ताटात आणखी एक वाटेकरी. लांडगे आले नसते तरी मूझ पडलेच असते. पण पडल्यावर काय झालं असतं हा फरक आहे. शिकारी नसता तर उरलेले पुन्हा वर्षाला एकोणीस टक्क्यांनी वाढायला मोकळे, आणि फरच्या रोपांना श्वास घ्यायला मिळतात ती थोडीच वर्षं. लांडगे असले की संख्या खाली जास्त काळ राहते, आणि खुरटलेलं रोप मूझच्या तोंडाच्या वर जायला नेमकी तीच सलग वर्षं लागतात.

झाडांचं उत्तर लगेच मिळणार नाही. लांडगा दोन वर्षांत पिल्लं घालायच्या वयाचा होतो, मूझ दहा वर्षांत म्हातारा, फर वर यायला त्याहून जास्त. साखळीतल्या प्रत्येक कडीचं घड्याळ वेगळं चालतं, त्यामुळे 2024 च्या आकड्यांवर यशाचा शिक्का मारणं घाईचं होईल.

वेगळं काय करता आलं असतं

2014 चा थांबायचा निर्णय हा माझ्या मते खरा वळणाचा क्षण होता, 2018 चा नाही. तेव्हा नऊ लांडगे होते, त्यांना बेट माहीत होतं, मूझ मारता येत होते, आणि मूझ होते हजारभर. दोन-तीन बाहेरचे लांडगे मिसळले असते तर बहुधा खूप कमी उलाढालीत काम झालं असतं आणि फरला दोन हजार मूझचा मार बसला नसता. उलट बाजूही सांगायला हवी, 1997 च्या एका नराचा फायदा दहाएक वर्षंच टिकला, मग दोन-तिघांचा किती टिकला असता? पण दहा वर्षंसुद्धा फरसाठी मोठी होती. अभ्यास करूच नये असं नाही, फक्त अभ्यास चालू असताना जी गोष्ट हातातून जाते तिचा हिशोब त्याच कागदावर मांडायला हवा होता.

दुसरं, नजर सगळी लांडग्यांच्या आकड्यावर होती. नऊ लांडगे म्हटल्यावर वाटतं अजून नऊ आहेत. पण वर्षभरात किती टक्के मूझ मारले जातात हा आकडा जवळपास शून्याकडे गेला होता, म्हणजे शिकारी म्हणून लांडगे संपले होते, मोजायला फक्त उरले होते. हा आकडा आणि फरच्या रोपांची उंची, या दोन्हींवर आधीच एक मर्यादा ठरवून ठेवली असती, की याच्या खाली गेलं तर कृती करायची, तर तत्त्वाचं भांडण ऐन घाईत घालावं लागलं नसतं.

तिसरं किरकोळ पण सोपं, खाणीचे उघडे खड्डे. तीन लांडगे ज्याने गेले तो धोका कुंपणाने टळला असता.

आणि एक निर्णय अजून बाकीच आहे. आणलेल्या एकोणीस लांडग्यांपैकी सगळ्यांनी काही वंश वाढवलेला नाही, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजननाचा प्रश्न काही दशकांनी परत येणार. बर्फाचे पूल कमी होत जाणार असतील तर नवीन रक्त स्वतःहून येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, दर किती वर्षांनी एखादा लांडगा बाहेरून आणायचा हे ठरवावं लागेल, आणि ते लांडगे तीस असतानाच ठरवलेलं बरं.